दादाचा मासा

—तशी नको धरूस काठी. छत्री आहे का ती? वाळूत रोवलेल्या त्या नळीत उभी कर आणि दोन बोटं दोरीवर ठेव, हलकीच. हां. झालं. एवढंच काम असतं आपल्याला, बाकीचं माशाने करायचं. आता टोकाकडे बघत राहायचं — नाही, नाही, बस, ते काही नाही, लाट होती ती. लाटेने टोक असं सावकाश मान हलवतं, वहिनी बोलत असताना आमचा दादा हलवतो ना, तसं. मासा असला की झटके बसतात — एक, दोन, मग जरा थांबून धाडकन. आणि कधीकधी काहीच होत नाही, दोरी नुसती सैल पडते, माणसाला वाटतं सुटलं वाटतं काहीतरी, आणि नेमका तेव्हाच तो आमिष तोंडात धरून किनाऱ्याकडे येत असतो. ते कळायला वर्षं लागतात. तुला आजच्या आज कळायची गरज नाही. अरे-तुरे केलं तर चालेल ना तुला? — चालेलच म्हणा, मी केव्हाचं सुरू केलंय.

मी आत्या. तिने सांगितलंच असेल. काय सांगितलं? — बरं, जाऊ दे. पुस्तकं बांधते मी, बाइंडिंग, वाचनालयाच्या तळघरात, तेहतीस वर्षं झाली. फाटकी पुस्तकं वरून खाली येतात, मी उसवते, शिवते, खळ लावते, दाबात ठेवते, परत वर जातात. वाचते का? नाही वाचत. सगळ्यांना वाटतं ही दिवसभर वाचत बसत असेल. डॉक्टर पोट उघडतो तेव्हा पेशंटशी गप्पा मारतो का? — तर मी आत्या, आणि तो तिकडे निळ्या बादलीपाशी कमरेवर हात ठेवून समुद्राची तपासणी करतोय तो माझा दादा — तुझा सासरा म्हणायचं की नाही ते संध्याकाळी ठरेल — आणि छत्रीखाली पुस्तक तोंडावर घेऊन झोपली आहे ती वहिनी. आणि लाल टोपी, ती पाण्यात, ती आमची छकुली. एकोणतीस वर्षांची घोडी झाली, दातांची डॉक्टर आहे, चांगल्या दणकट माणसांच्या दाढा उपटते, पण घरात छकुली. तू काय म्हणतोस तिला? — अगं बाई. बरं. ते दादासमोर नको म्हणूस.

आता ऐक, तो इकडे यायच्या आत सांगून टाकते. उन्हाळ्यात एक दिवस आम्ही सगळे इथे येतो, बाबा होते तेव्हापासून. दिवस ठरलेला नाही पण जागा ठरलेली — बावट्याच्या पलीकडे, पोहणारे इथवर येत नाहीत, पोरांचे चेंडू येत नाहीत, आणि ते बघ, तिथे लाटा फुटत नाहीत, मधेच पाण्याचा एक काळपट पट्टा दिसतोय — दिसला? — तिथे खोल आहे, मासे त्या पट्ट्यातून चालतात. लोक जीव खाऊन लांब फेकतात, आणि मासा इथे पायाशी. तर काठ्या तीन. एक वहिनीची, तिने तिला हात लावून किती वर्षं झाली कोण जाणे, पण काठी तिच्या नावाची. एक दादाची. आणि ही पाहुण्याची. घरातल्या मुलीने कुणाला आणलं की त्याला ही काठी द्यायची, भरती सुरू झाल्यापासून पुरी होईपर्यंत, सहा तास, आणि बघायचं. काय बघायचं? तेच तर कुणी सांगत नाही. मासा मिळालाच पाहिजे असं मुळीच नाही. बाबा म्हणायचे, दिवाणखान्यात बसवलेला माणूस सगळा सारखाच, इथे आणा, मग बघू. तर दिवसभर बघतात आणि संध्याकाळी गाडीत बसताना दादा एक वाक्य बोलतो. एकच. — हसू नकोस. तुला वाटतंय छकुली कुठली ऐकतेय. बरोबर आहे, छकुली कुणाच्या बापाचं ऐकत नाही, स्वतःच्या तर नाहीच. पण दादाने एखाद्या माणसाच्या एखाद्या गोष्टीवर बोट ठेवलं ना, की तिला मग तेवढीच गोष्ट दिसत राहते. किडका दात बघायची सवय. पंधरा दिवसांत फोन बंद. दोनदा झालंय.

दोनदा म्हणजे तुझ्याआधी दोन होते. — तिने नाही सांगितलं? मग मी पण नाही सांगितलं. पहिला कंप्युटरवाला, चांगला होता रे, मऊ आवाजाचा, सारखा 'थँक्यू' म्हणायचा, माशाला पण म्हणाला असता. त्याला ऊन सोसेना. मीच म्हटलं, जा, तिकडे आइस्क्रीमची गाडी आहे, सावली आहे, बस अर्धा तास, काठी मी बघते, इथे कोण काय म्हणतंय तुला! गेला बिचारा. दोन कोन खाल्ले. संध्याकाळी दादा म्हणाला, 'हातातलं काम दुसऱ्याला देऊन गेला.' झालं. दुसरा वकील. त्याला मी म्हटलं, दादाशी काय बोलावं सुचत नसेल तर त्याच्या माशाचं विचार, हॉलमध्ये फोटो आहे तो, वजन विचार, खूश होईल. त्याने विचारलं. दादा म्हणाला, चौदा किलो. हा म्हणाला, पण मघाशी चहा पिताना बारा म्हणालात. दादा म्हणाला, असेल. हा म्हणाला, म्हणजे नक्की किती? — इथे, या वाळूवर, भर उन्हात, दादाची उलटतपासणी! संध्याकाळी दादा म्हणाला, 'हुशार आहे.' एवढंच. छकुली तीन दिवस खो-खो हसत होती, चौथ्या दिवशी हसायची थांबली, आणि त्यानंतर तो काही आला नाही. — काय? हो, दोघांनाही मीच सांगितलं होतं. आमिष लावायचं काम माझं, त्यामुळे पाहुण्याशेजारी बसायचं काम माझं, मग बोलणार कोण, वहिनी? झालं आपलं तसं.

दोरी गुंडाळ जरा, सैल पडली — हां, बास. आता तुझं सांगते. तुझं एकदम सोपं आहे. इथे पाणी सरळ येत नाही, तिरकं जातं, इकडून तिकडे, या काठीकडून दादाच्या काठीकडे. खाली शिसं आहे तुझ्या दोरीला, पण ते वाळूत तरी किती धरणार — तासाभराने तुझी दोरी सरकत सरकत दादाच्या दोरीवर जाणार. दर वर्षी जाते. मग गुंता. आणि त्या गुंत्यात मासा लागला, की दादा म्हणणार, माझा. तेव्हा तू काय म्हणायचं? — 'हो दादा, तुमचाच.' संपलं. वाद नाही, काही नाही. मोठ्या माणसाला मान दिलेला आवडतो. त्याला काठी बदलायची असेल, बदल. जागा बदल म्हणाला, बदल. तुझ्या हातातली भाकरी मागितली तरी दे. काय बिघडतं? एक मासा तो.

फोटो तू पाहिलास ना हॉलमधला? न पाहून सांगतोस कुणाला, दार उघडलं की समोर तोच. दादा, हातात मासा, मागे नवी कोरी वहिनी गॉगल लावून, आणि डाव्या बाजूला एक कोपर दिसतं, ते माझं. एकतीस वर्षांपूर्वीचा. त्या दिवशी बाबांनी काट्याला टांगून वजन केलं होतं, साडेसहा किलो. पुढच्या उन्हाळ्यात आठ झालं. छकुली झाली तेव्हा नऊ. आता चौदावर आहे. आणि माणूस कोण, तर वजन-मापं तपासणारा अधिकारी! जन्मभर दुकानादुकानांत जाऊन लोकांचे तराजू तपासले, दहा ग्रॅमसाठी माणसं रडवली, त्याला येताना बघून दुकानदार शटर ओढायचे — आणि स्वतःचा मासा मेल्यावर साडेसात किलो वाढला. घरात कुणी काही बोलत नाही. मी तर नाहीच नाही. मी बोलायला लागले तर वजनावर थोडीच थांबणार आहे.

नाही, काही नाही. असंच. — अरे काही नाही म्हटलं ना. टोकाकडे बघ.

तू लिफ्ट दुरुस्त करतोस ना? छकुली म्हणाली. चांगलं काम आहे, लोक वर जातात, खाली येतात, कुणाला तुझं नाव माहीत नसतं. आमच्यासारखंच. तो पण तसाच होता — कोण म्हणजे? माझा. माझा म्हणजे, तसा काही माझा नव्हता, पण मी आणला होता ना, या काठीपाशी. तो इथेच बसला होता, तू बसलायस तिथेच, आणि मी इथे. जमिनीचे नकाशे काढायचा, मोजणी खात्यात. त्या खात्याचे जुने नकाशे बांधायला माझ्याकडे यायचे, ते घेऊन तो यायचा, मग नकाशे नसतानाही यायला लागला. फार बोलायचा नाही. एकदा म्हणाला, तुमची शिलाई उलट्या बाजूने जाते. मी डावखुरी. तेहतीस वर्षांत माझी शिलाई नीट पाहिलेला एकच माणूस, तोच. — बरं, तर आमच्याकडे रीत अशी की गळ ज्याचा त्याने बांधायचा. दोरीला गळाची गाठ स्वतः मारायची, बाबांचा कायदाच तो. आज तुला दादाने बांधायला लावला ना सकाळी? तुझी गाठ चांगली आहे, मी पाहिली. त्या माझ्या नकाशेवाल्याला जमेना. बारीकात बारीक रेघ मारणारा माणूस, पण नायलॉनची दोरी हातात टिकेना, सुळकन सुटायची. मग मी त्याला गाडीमागे नेलं आणि टॉवेलखाली बांधून दिली. सहा वेढे, आणि माझे वेढे पडतात उलटे. कुणाला दिसलं नाही. दिसलं असतं तरी कळलं नसतं.

दुपारी असंच पाणी चढत होतं. आणि याची काठी वाकली. आधी याची वाकली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं, मी इथे बसले होते की! मग चार क्षणांनी दादाची, कारण दोऱ्या एकमेकींत गेलेल्या. दोघे ओढायला लागले, बाबा ओरडतायत, वहिनी टाळ्या वाजवतेय — लग्नाला दोनच महिने झालेले, तिला सगळ्याचंच कौतुक होतं तेव्हा — आणि मासा आला. लाटेबरोबर आला तो थेट वाळूवर, आणि दादाने त्याला कल्ल्यात हात घालून ओढत वर नेला, पार त्या कोरड्या वाळूपर्यंत. तोंडाबाहेर दोऱ्यांचा हा एवढा पीळ, दोन्ही दोऱ्यांचा, कुठली कुठे जाते काही कळत नाही. गळ आत खोल. बाबा म्हणाले, थांबा, गुंता सोडवू, म्हणजे कळेल कुणाच्या काठीचा. माझ्याकडे बघून म्हणाले, ही सोडवेल. मी सोडवलाच असता, दोऱ्याचा गुंता मी सोडवायचा नाही तर कुणी? तेवढ्यात दादा म्हणाला, 'तडफडतोय तो, वेळ नाही,' आणि खिशातून सुरी काढून खच्‌कन दोन्ही दोऱ्या कापल्या. उचलला मासा. म्हणाला, माझा.

बाबांनी याला विचारलं, 'तुमचं काय म्हणणं?' असं अगदी शांतपणे. हा उभा राहिला, पँट गुडघ्यापर्यंत ओली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि म्हणाला, 'दादांचाच असेल. काय फरक पडतो?' — तेच. तू पण आता तसेच खांदे उडवलेस बघ. मग फोटो काढले. मग मला मासा साफ करायला दिला, त्या खडकापाशी, आणि मी तोंडात बोट घालून गळ काढला. गळाला वीतभर दोरी शिल्लक होती. आणि गाठ. सहा वेढे, उलटे.

काय केलं म्हणजे? खिशात टाकला. अजून आहे, कामावर सुयांच्या डबीत. — बोलले नाही. कशी बोलणार? नव्या नवरीसमोर दादा खोटा पडला असता, आणि मी गाठ बांधून दिली म्हणून हाही खोटा पडला असता, आणि बाबांचा कायदा मोडला म्हणून मी. तिघांची अब्रू त्या वीतभर दोरीला टांगलेली. म्हटलं, राहू दे, एक मासा तो. संध्याकाळी गाडीत बसताना बाबा म्हणाले, 'मुलगा चांगला आहे. पण हातात आलेलं सोडून देतो.' बस्स, एवढंच. मी मागे बसले होते, खिशात गळ, मांडीला टोचत होता. घरी जाईपर्यंत गप्प बसले, दुसऱ्या दिवशी गप्प बसले, मग त्याची सवय झाली. तोही आला नाही. त्यालाही वाटलं असेल, हिला माहीत होतं आधी कुणाची काठी वाकली, ही का नाही बोलली? आणि मला वाटत राहिलं, तो स्वतःसाठी बोलेल, मग मी पुरावा काढेन. तो माझी वाट बघत होता, मी त्याची. — आहे ना, आमच्याच गावात असतो, निवृत्त झाला आता. दोन मुली आहेत. मधे एक शब्दकोश आणून दिला, पाठ निखळलेला. बांधला मी. चांगला बांधला. त्याने पानं उलटून शिलाई बघितली, आणि 'छान' म्हणाला, आणि गेला.

काय बघतोस असा? विचार काय विचारायचंय ते.

—

हं.

पकडलंस. तू पण वकीलच निघालास की! हो. ज्याने 'तुमचाच' म्हटलं तो नापास झाला, आणि तुला मी मघापासून सांगतेय, 'तुमचाच' म्हण. आइस्क्रीमवाल्याला मी पाठवलं. वकिलाला वजन मी विचारायला लावलं. — योगायोग कसला रे, तुला काय, मलाही तो योगायोग वाटत नाही. बोलता बोलता निघून गेलं तोंडातून. मी कुणाशी इतकं बोलत नाही, तेच चुकलं. एरवी तासभर बसते, आमिष लावते, दोन वाक्यं सांगते आणि माणूस आपोआप जातो.

मग ऐकच आता सगळं. मला नको होतास तू. तू म्हणजे तूच असं नाही, कुणीही. संध्याकाळी सहाला मी कामावरून येते, साडेसहाला ती दवाखान्यातून येते, आणि आम्ही दोघी मागच्या पायऱ्यांवर चहा घेऊन बसतो. ती आज कुणाची दाढ कशी निघाली ते सांगते, मी कुठल्या पुस्तकात काय सापडलं ते सांगते — लोक काहीही ठेवतात रे, केस, बिलं, एकदा तर सबंध ऑम्लेट होतं, चपटं. अर्धा तास. दिवसभरात माझं तेवढंच बोलणं. वहिनी वाईट नाही, पण तिच्या डोळ्यांपुढे कायम पुस्तक, आणि तेही मीच बांधलेलं. आणि दादाशी मी बोलते म्हणजे काय — मीठ दे, गॅस संपला, दार लावलंस का. एकतीस वर्षं. भांडण नाही काही. उलट फार जपतो मला, उजेडाची खोली मला दिली, आजारी पडले तर रात्र रात्र उशाशी बसतो. पण बोलायचं म्हटलं की मधे तो मासा येतो. तर छकुली गेली की मी त्या घरात कुणाशी बोलू, सांग मला. तू तिला नेणार, दुसऱ्या गावात नेणार, लिफ्ट तर सगळीकडे असतात. मला भीती वाटते. झालं? छप्पन्न वर्षांची बाई आहे मी आणि मला पायऱ्यांवर एकटीने चहा प्यायची भीती वाटते. हे ऐकायचं होतं ना तुला?

नको, पाणी नको. उन्हाने डोळे वाहतायत, थांबतील आत्ता. — तू रीळ बघ तुझं. दोरी निघालीच आहे दादाकडे, सांगितलं होतं ना.

काय म्हणालास?

परत म्हण.

नाही — म्हणजे हो, वाळूवरच होता मासा. कोरड्या वाळूवर, पाण्यापासून लांब, वीस-पंचवीस पावलं. हो, तडफडत होता, पण तिथून जाणार कुठे? — ताण? नव्हता ताण, दोऱ्या नुसत्या पडलेल्या होत्या वाळूत. बरोबर आहे तुझं. तुमच्या लिफ्टच्या दोरांतही नाही कापत का? आधी ताण काढायचा, मग सोडवायचं, कापायचं अगदी शेवटी — हो रे, आमच्याकडेही तसंच. उसवायच्या आधी मी कधी कात्री लावत नाही. गुंता पाच मिनिटांत सुटला असता, फार तर दहा. बाबा तर थांबायला तयार होते. मग त्याने कापली का?

थांब, मला बघू दे नीट. मासा त्याने ओढत नेला. म्हणजे तो पीळ सगळ्यात आधी त्याच्याच हातात होता. माझ्या आधी, बाबांच्या आधी. त्याच्या काठीला आलेली ओढ गुंत्याची होती, माशाची नव्हती, हे त्याच्या हाताला कळलंच असणार, लहानपणापासून काठी धरतोय तो, मासा आपल्या दोरीला आहे की शेजारच्या, हे तर छकुलीलाही कळतं. त्याला माहीत होतं. कापायच्या आधी माहीत होतं, म्हणूनच कापली. सोडवला असता तर दोरी थेट या काठीपर्यंत आली असती आणि सगळ्यांना दिसलं असतं. — अरे देवा. आणि मी एकतीस वर्षं डबीत गळ जपून ठेवलाय, दादाला कळू नये म्हणून! त्याला कळून दुखू नये म्हणून मी तोंडातून ब्र काढला नाही, आणि तो माझ्याही आधीपासून जाणून बसलाय. वजन उगाच वाढवत नेलं त्याने, की मी कधीतरी टोकावं म्हणून? सारखा त्याच माशाविषयी बोलायचा, आणि मी ताट घेऊन आत जायची. मला वाटायचं, मिरवतोय. वहिनीसमोर मिरवायलाच केलं असेल म्हणा तेव्हा, पंचविशी-तिशीचा होता, नवीन लग्न. की — की मी जाऊ नये म्हणून केलं? आत्ता मी तुझ्याशी करत होते तेच? आई गेल्यावर घरात आम्हीच दोघं बोलायचो, पार रात्री जेवणं झाल्यावर ओट्यापाशी उभं राहून. मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी विचारलंच नाही ना कधी. कसलं कापणं ते, दहा मिनिटांचं काम, आणि दोऱ्याचं काम करणारी बाई मी, माझ्या डोळ्यांसमोर कापली, आणि मला एकदाही वाटलं नाही की याने कापली का. तुला एका दुपारात वाटलं.

राग? येतोय बहुतेक. थांब जरा, यायला वेळ लागतोय, सवय नाही.

तो बघ, निघाला इकडे. दोऱ्या गेल्या असणार एकमेकींत. — नाही, उठू नकोस, आधी ऐक. मघाचं सगळं विसर. कुणी माझं म्हणालं आणि ते तुझं असलं तर माझं आहे म्हणून सांग, नसलं तर नाही म्हण, आणि कुणाच्या तोंडाकडे बघून ठरवू नकोस, माझ्या तर नाहीच. आणि ती हात करतेय तुला, लाल टोपी, केव्हाची करतेय, तू टोकाकडे बघतोयस आणि ती तुझ्याकडे. जा. — अरे जा म्हणते ना! काठी सोडून गेलास तर काय होईल ते होईल, या वेळी फसवत नाहीये मी. दादाने विचारलं कुणी पाठवलं, तर मी सांगेन, मी पाठवलं. आइस्क्रीमवाल्याचंही सांगेन, वकिलाचंही सांगेन, छकुलीलाही सांगेन, मग ती मला काय म्हणायचं ते म्हणो. वाळू तापली आहे, पळत जा. आणि तिला दोन तास तरी इकडे येऊ देऊ नकोस. जा रे बाबा, आला तो.

ये दादा. — नाही, मासा-बिसा काही नाही. मीच पाठवलं त्याला. राहू दे ती दोरी, गुंतली तर गुंतली, सुरी ठेव आधी खाली. बस. — बस म्हणते ना, दादा, तू असा उभा राहिलास की मला बोलता येत नाही.